पान चौदावरची सुटलेली ओळ

कचेरीत तिला सगळे ‘रेडिओ’ म्हणत. नाव ठेवलं होतं बाईंनी, आणि बाईंनी ठेवलेलं नाव बदलायची तिथे कुणाची छाती नव्हती. दिवसातले पाच-सहा तास ती मोठ्यानं वाचत असायची आणि उरलेल्या वेळात हूं की चूं करायची नाही, म्हणून रेडिओ. बटण बंद केलं की बंद.

नवी वस्तू घेतली की खोक्यात तळाशी एक पुस्तिका निघते. वस्तू कशी वापरावी, कशी वापरू नये. ती पुस्तिका कुणी वाचत नाही, पण कुणीतरी लिहितं, कुणीतरी छापतं, आणि छापण्याआधी कुणीतरी तिच्यातल्या चुका काढतं. ते कुणीतरी म्हणजे या दोघी. खिडकीपाशी एक लांबट टेबल, समोरासमोर दोन खुर्च्या. एकीत वाचणारी, दुसरीत बघणारी. रेडिओच्या हातात कंपनीकडून आलेली मूळ प्रत, बाईंच्या समोर कचेरीत जुळवलेलं प्रूफ. रेडिओ वाचायची, तेही विरामचिन्हांसकट: स्वल्पविरामाला ‘स्वल्प’, पूर्णविरामाला ‘पूर्ण’.

“यंत्र चालू असताना झाकण उघडू नये पूर्ण. लहान मुलांना यंत्राजवळ स्वल्प विशेषतः दाराजवळ स्वल्प एकटं सोडू नये पूर्ण. नवा परिच्छेद.”

बाईंची पेन्सिल प्रुफावरून सरकत जायची. मूळ प्रतीतली एखादी ओळ जुळवताना गळाली असेल, तर बाई ती ऐकता ऐकता समासात लिहून घेत आणि तिच्या शेपटीला ‘सुटली’ असं लिहीत. मग संगणकावरचा माणूस ती ओळ आत घाली आणि समासातल्या खुणांशी ताडून पाहिलं की काम संपलं. बाईंचा एकच मंत्र होता, तो रेडिओला पहिल्या दिवशी मिळाला होता: “कानातून थेट हातात. डोकं मध्ये येऊ द्यायचं नाही. डोकं आलं की ते अर्थ लावत बसतं, आणि अर्थ लावणाऱ्याला चूक दिसत नाही.”

तेहतीस वर्षं बाईंनी डोकं मध्ये येऊ दिलं नव्हतं. कामापुरतं. एरवी त्यांचं डोकं आणि जीभ दोन्ही सगळ्या कचेरीत फिरत असायची.

रेडिओचं गुपित होतं ते या टेबलापासून फार लांब, तिसऱ्या मजल्यावरच्या तिच्या घरात सुरू झालं होतं. निदान तिची समजूत तशी होती.

घरी चौघंजण. ती, नवरा, सासूबाई, आणि दहा महिन्यांची ठकू. ठकू म्हणजे दोन दात, चार केस आणि मत मात्र प्रत्येक गोष्टीवर. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. शहरभरातल्या लिफ्ट वरखाली करणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या इमारतीत लिफ्ट नव्हती, यावर सासूबाई दर आठवड्याला एकदा तरी बोलायच्याच. जिना त्रेसष्ट पायऱ्यांचा. रेडिओनं त्या मोजल्या होत्या. आणि गेल्या आठ महिन्यांत ठकूला घेऊन त्यांतली एकही ती उतरली नव्हती.

ठकू नऊ आठवड्यांची असेल तेव्हाची गोष्ट. पिवळी प्लास्टिकची बादली घेऊन ती गच्चीवरून येत होती, एका हातात ठकू, दुसऱ्या हातात बादली, आणि जिन्याच्या वळणावर कुणीतरी तिच्या डाव्या कानापाशी म्हणालं,

“ती तुझ्या हातून पडणार आहे.”

ती वळली. कुणी नव्हतं. बाईचा आवाज होता. ओरडलेला नाही, चिडलेला नाही. हवामान सांगावं तसा. मग थोडं थांबून, जणू आठवण झाल्यासारखं: “आज नाही तर उद्या.”

तिनं बादली तिथेच ठेवली, पायरीवर बसली आणि ठकूला छातीशी धरून, बसल्या बसल्याच, एकेक पायरी सरकत घरापर्यंत आली. सासूबाई दारातच होत्या. “अगं, हे काय?”

“गुडघा,” ती म्हणाली. “गुडघ्यात काहीतरी आलंय.”

तेव्हापासून तिचा गुडघा दुखू लागला. म्हणजे दुखत नव्हता, पण दुखतो असं ठरलं. ठकूला खाली न्यायचं असलं की सासूबाई नेत किंवा नवरा नेई. ठकूला आंघोळ घालायची ती जमिनीवर बसून. ठकूला उचलायचं ते पलंगाच्या मध्यावर. आवाज मग जिन्यापुरता राहिला नाही. मोरीत आला, बाल्कनीच्या दारात आला, आणि ती सहा महिन्यांची रजा संपवून कामावर गेली तर तिथेही, वाक्यावाक्यांच्या मध्ये, आला. तीच दोन वाक्यं. तिसरं कधी नाही.

हे तिनं कुणालाही सांगितलं नव्हतं. कारण सरळ होतं. एकदा फोनवर शोधायला घेतलं तर दोनच ओळी वाचून तिनं फोन उशीखाली ढकलला होता. आणि लहानपणी शेजारी एक बाई होती, तिच्याबद्दल मोठी माणसं आवाज खाली आणून बोलायची: तिला काहीबाही ऐकू येतं म्हणे, मूल तिच्यापाशी ठेवलं नाही, मामाकडे पाठवलं. त्या मुलाचा निळा स्वेटर पुढे कितीतरी दिवस दोरीवर होता. रेडिओला ती बाई आठवत नव्हती, स्वेटर आठवत होता.

म्हणून तोंड बंद. ठकूचा मऊ, दुधाचा वास येणारा, सदा ओला गळा आपल्या नाकापासून कुणी दूर नेऊ नये, एवढंच तिला हवं होतं. त्यापुढे गुडघा दुखायची थाप म्हणजे काहीच नाही.

*

मालक आले ते हातातली पुस्तिका पाठीमागे धरून. मालक म्हणजे तसा तरुण माणूस. वडिलांच्या पश्चात कचेरी त्याच्याकडे आली, आणि तो शाळेच्या गणवेशात कचेरीत यायचा तेव्हापासून बाई तिथे होत्या. त्यामुळे पगार तो द्यायचा आणि अरे-तुरे बाई करायच्या.

“बाई, जरा आत येता का?”

“आत कशाला? इथे कोण परकं बसलंय? बोल इथेच.”

त्यानं रेडिओकडे पाहिलं, मग पुस्तिका टेबलावर ठेवली. कपडे धुण्याच्या यंत्राची. छापायच्या आधी कंपनीला दाखवायला म्हणून दहा नमुने काढले होते, त्यातला एक परत आला होता. पान चौदा. लाल शाईनं काढलेलं वर्तुळ.

बाईंनी चष्मा चढवला आणि सवयीनं मोठ्यानं वाचलं.

“झाकण पूर्ण बंद झाल्याची खात्री करावी. ती तुझ्या हातून पडणार आहे. आज नाही तर उद्या. झाकण बंद नसल्यास यंत्र सुरू होणार नाही.”

रेडिओनं दोन्ही वाक्यं ओळखली.

“कंपनीचा माणूस विचारत होता,” मालक म्हणाले, “ही ‘ती’ कोण? त्यांच्या साहेबांनी चार जणांना वाचून दाखवलं म्हणे. एक जण घाबरला.”

“हे आलं कुठून?” बाईंनी कपाटातून जुनं प्रूफ काढलं, पान चौदा उघडलं. समासात पेन्सिलीनं, गोल गरगरीत अक्षरात, तीच दोन वाक्यं. शेपटीला ‘सुटली’. बाईंनी मूळ प्रत ओढली, बोट ठेवून ओळ न् ओळ पाहिली. मग पुन्हा पाहिली. तिथे ती वाक्यं नव्हती.

“अक्षर माझं आहे,” बाई म्हणाल्या.

“हो, म्हणून तर…” मालकांना पुढचं जड जात होतं. “बाई, ओळ सुटणं वेगळं. हे तुम्ही मनानं लिहिलंय. मी काही बोलत नाहीये. पण गेल्या महिन्यात तुमचा चष्मा पेन्सिलींच्या डब्यात सापडला. तेहतीस वर्षं झाली. आता जरा घरी, आरामात… म्हणजे तुम्हीच ठरवा.”

एरवी या वाक्यावर बाईंनी त्याला त्याच्या तिसरीतल्या प्रगतिपुस्तकापासून सगळं ऐकवलं असतं. आज त्या फक्त “बरं” म्हणाल्या. त्यांचा तो आवाज रेडिओनं पूर्वी कधी ऐकला नव्हता.

मालक गेले. बाईंनी खण उघडला, सगळ्या पेन्सिली काढून टेबलावर मांडल्या आणि एकेक करून तासायला घेतल्या. अकरा पेन्सिली. कुणाला तरी द्यायच्या असाव्यात तशा नीट.

“माझ्या ताईचं असंच सुरू झालं,” त्या पेन्सिलीकडे बघत म्हणाल्या. “आधी चष्मा. मग गॅसवर रिकामं भांडं. मग आमची नावं. शेवटी मला म्हणाली, तुम्ही फार चांगल्या आहात, तुमचं घर कुठे?” पेन्सिलीचं साल लांबलचक निघालं, तुटलं नाही. “मला वाटलं होतं मी सुटले. मी रोज शब्दकोडं सोडवते, रेडिओ. रोज.”

रेडिओनं ते साल उचलून कचऱ्याच्या टोपलीत टाकलं.

बोलायला हवं होतं, हे तिला पहिल्या पेन्सिलीलाच कळलं होतं. पण प्रत्येक वेळी तोंड उघडायला जावं तर समोर दोरीवरचा तो निळा स्वेटर यायचा, आणि आता तो दहा महिन्यांच्या मापाचा झाला होता. दुसरी पेन्सिल झाली. तिसरी झाली. बाई चूक करतील हे कुणालाच खरं वाटणार नाही, तिनं मनाला समजावलं. पण खरं वाटायला बाईंना स्वतःलाच लागलं होतं. चौथ्या पेन्सिलीचं टोक तुटलं, आणि ज्या बाईंच्या हातून टोक कधी तुटत नसे त्या त्या टोकाकडे असं बघत राहिल्या की जणू तोही एक पुरावा आहे.

“बाई, ते मी वाचलं.”

“काय?”

“पान चौदावरचं. तुम्ही मनानं नाही लिहिलंत. मी मोठ्यानं म्हटलं, तुम्ही ऐकून लिहिलंत.”

“माझी समजूत काढू नकोस गं. मूळ प्रतीत नाहीये ते. दोनदा बघितलं मी.”

“प्रतीत नाहीये. मला ऐकू येतं ते.” एवढं बोलून झाल्यावर मागे फिरायला जागाच राहिली नाही. “कुणी नसतं आणि ऐकू येतं. बाईचा आवाज. आठ महिने. ती म्हणजे ठकू. त्या दिवशी वाचताना आलं असेल आणि माझ्या तोंडून बाहेर पडलं असेल. मला कळलंसुद्धा नाही.”

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली.

“म्हणजे तू हे खरोखर बोललीस? माझ्यासमोर बसून? मोठ्यानं?”

“हो.”

“आणि मी ऐकलं तसं लिहिलं.”

“हो, बाई.”

“म्हणजे माझं डोकं ठिकाणावर आहे!” बाई एवढ्या मोठ्यानं म्हणाल्या की पलीकडे संगणकावरच्या माणसानं मान वर केली. बाईंनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. खांदे हलत होते, रडतायत की हसतायत कळेना. दोन्ही करत होत्या. “अगं बाई गं. ठिकाणावर आहे माझं डोकं. कानातून हातात. सोळा आणे.”

आठ महिने जे उरावर दगडासारखं ठेवलं होतं, ते पहिल्यांदा दुसऱ्याच्या हातात दिलं, आणि त्या दुसरीला आनंदच झाला. रेडिओनं कितीतरी परींनी हा क्षण कल्पिला होता. किंचाळी, कुजबुज, फोन. ही परी त्यात नव्हती. तिला हसू आलं, आणि हसू आलं म्हणून रडूही आलं.

मग बाईंच्या लक्षात आलं. त्यांनी नाक पुसलं आणि पुढे वाकल्या.

“आणि तुझं? अगं, तुझं काय? मी आपली माझंच लावून धरलंय.”

“मला वेड लागलंय, बाई. कळलं तर ठकूला नेतील.”

“कोण नेणार?”

कोण, ते रेडिओनं कधी ठरवलंच नव्हतं. “नेतात ना,” ती म्हणाली.

“हे गेले,” बाई म्हणाल्या. हे म्हणजे बाईंचे यजमान, त्यांना जाऊन सहा वर्षं झाली होती. “हे गेले, त्यानंतर दोन वर्षं रोज स्वयंपाकघरातून निघाले की मागून विचारायचे, गॅस बंद केलास का? स्पष्ट. मी म्हणायची, केला हो. एकदा म्हणाले आणि खरंच चालू होता.”

“कुणाला सांगितलंत?”

“डॉक्टरला सांगितलं. तेही केव्हा? आवाज यायचा बंद झाला तेव्हा. मला करमेना.” बाईंनी तुटलेलं टोक फुंकर मारून उडवलं. “तुझी ती काही तशी मायेची दिसत नाही. पण म्हणजे काय, जगात एकट्या तुझ्याच रेडिओला दुसरं स्टेशन लागतं असं समजू नकोस. चल.”

“कुठे?”

“आधी त्या पोराकडे. माझी इज्जत परत आणू. मग डॉक्टरकडे.”

मालकांनी सगळं उभ्यानं ऐकलं. ऐकून झाल्यावर ते बसले. त्यांना काय बोलावं सुचत नव्हतं, आणि सुचत नसलं की ते कामाचं बोलत. “मग… पुन्हा वाचताना आलं तर?” मालक टेबलावरच्या कॅलेंडरकडे बघत म्हणाले, “म्हणजे असं करा ना. आलं की बोट वर करायचं. बाई पेन्सिल उचलतील. गेलं की बोट खाली. होईल ना? तुमच्यासारखं वाचणारं दुसरं मला मिळायचं नाही. मागच्या वेळी तुम्ही रजेवर होतात तेव्हा जो आणला, तो स्वल्पविराम गिळायचा.” आणि बाईंकडे वळून, “बाई, चुकलं माझं.”

“तिसरीत गणितात सात मार्क होते तुला,” बाई म्हणाल्या. “लक्षात आहे माझ्या.”

*

डॉक्टरीणबाईंना सर्दी झाली होती. टेबलावर कागदी रुमालांचा ढीग, भिंतीवर न चालणारं घड्याळ. रेडिओ खुर्चीच्या अगदी कडेवर बसली, ठकूला कुणी मागायला आलंच तर पळता यावं अशी. ठकू तिथे नव्हती तरीही.

डॉक्टरनी घाई केली नाही. आवाज काय म्हणतो? अमुक कर, असा हुकूम सोडतो का? नाही. तुम्हाला स्वतःला काही करून घ्यावंसं, मुलीला काही करावंसं वाटतं का? “नाही हो!” रेडिओ जवळजवळ ओरडली. झोप? झोप म्हणजे तुकडे. जेवण? उभ्यानं. घरी कुणाला माहीत आहे? कुणालाच नाही.

“मुलीला नेतील का?” तिनं विचारून टाकलं.

डॉक्टर शिंकल्या. “माफ करा. कोण नेणार? तुम्ही तिला आठ महिने असं जपताय की ती जमिनीपासून हातभर वर गेली नाही. इथे मदत मागायला आलात, ती मूल जवळ राहावं म्हणूनच ना? मी काही लपवून ठेवत नाही. आवाज हुकूम सोडायला लागला, किंवा झोप पार उडाली, तर त्याच दिवशी यायचं, मी नसले तर जो असेल त्याच्याकडे. पण बाळंतपणानंतर, दुःखानंतर, जागरणानं, माणसांना आवाज ऐकू येतात. तुम्हाला वाटतं त्याहून पुष्कळ जणांना. सांगत नाहीत, कारण सगळ्यांना तुमच्यासारखंच वाटतं.”

मग त्यांनी जरा वेगळंच विचारलं.

“ती चिडून बोलते की घाबरून?”

दुसऱ्याचं वाक्य खुणांसकट नीट वाचायचं हे रेडिओचं कामच होतं, आणि या दोन वाक्यांना तिनं आठ महिन्यांत एकदाही कान दिला नव्हता. ती फक्त पळत आली होती.

“घाबरून,” ती सावकाश म्हणाली. “चेहरा सरळ ठेवून, पण घाबरून.”

“पहिल्यांदा जिन्यावर ऐकलंत. त्याआधी कधी मुलगी हातून निसटली होती का?”

हे मात्र तिनं स्वतःलाही सांगितलं नव्हतं. ठकू सात आठवड्यांची. भर दुपार. खुर्चीत बसून पाजत होती, दोन रात्रींची झोप नव्हती, आणि तिचा डोळा लागला. किती वेळ, देव जाणे. हात सैल पडला आणि ठकू मांडीवरून घरंगळली. घरंगळली ते तिला जाणवलं ते झोपेतच.

“पडली?”

“नाही.” रेडिओच्या हातांनी आपोआप ओंजळ केली, गुडघ्यांच्या पुढे, हवेत. “धरली मी. इथे. जमिनीपासून एवढ्यावर. तिला जागसुद्धा आली नाही.”

“धरलीत.”

“हो.”

“हे ती आवाजवाली कधी सांगते का? धरलीस म्हणून?”

रेडिओ आपल्या ओंजळीकडे बघत राहिली. इतका वेळ कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून ‘मी ऐकत नाहीये’ असा चेहरा केलेल्या बाई एकदम म्हणाल्या,

“सुटली की गं ओळ!”

डॉक्टरना काही कळलं नाही. पण रेडिओला कळलं. तिला इतकं हसू आलं की डॉक्टरनी रुमालांचा ढीग तिच्याकडे सरकवला.

एक हलकी गोळी मिळाली, अंगावर पाजणाऱ्या आईला चालणारी. दर बुधवारी यायचं ठरलं. रात्रीचं एक पाजणं नवऱ्यानं बाटलीनं करायचं, हे औषधाच्याच कागदावर लिहून मिळालं, म्हणजे वाद नको. आणि आवाज आला की पळायचं नाही, त्याला अडवायचंही नाही. ऐकायचं आणि सुटलेली ओळ घालायची.

“मग तो जाईल?” तिनं विचारलं.

“जाईल किंवा राहील. राहिला तरी एवढा मोठा राहणार नाही,” डॉक्टर म्हणाल्या. “घरी एकाला तरी सांगा.”

*

नवऱ्याला तिनं संध्याकाळी सांगितलं, तो चहाचा कप विसळत असताना, म्हणजे त्याची पाठ तिच्याकडे होती. सांगून झालं तरी नळ चालूच होता. मग त्यानं तो बंद केला.

“आठ महिने?”

“हो.”

“आणि मी रोज विचारतोय, गुडघा कसा आहे!” त्यानं हात पुसले, पुसलेलेच पुन्हा पुसले. “त्या गुडघ्यासाठी मी तेल आणलं गं. लावून दिलं.”

“छान वाटायचं पण.”

तो तिच्याजवळ खाली जमिनीवर बसला. जमिनीवर बसायची सगळ्या घराला सवय झाली होती. बराच वेळ त्यानं तिचा हात धरून ठेवला. मग म्हणाला, “काही लिफ्ट असतात ना, दोन माणसं चढली तरी बोंबलतात, वजन जास्त, वजन जास्त. लोक घाबरून जिन्यानं जातात. त्या लिफ्ट पडत नाहीत. त्यांची घंटा फक्त फार हळवी झालेली असते. आम्ही ती काढून टाकत नाही. जरा बसवून घेतो.”

“मी लिफ्ट आहे का?”

“वजन तुम्हा मायलेकींचं मिळून एका माणसाएवढंच आहे.”

पडद्याआडून सासूबाई म्हणाल्या, “मला माहीतच होतं.”

“आई, तुम्ही ऐकत होतात?”

“या घरात एकच खोली आहे, न ऐकून जाऊ कुठे? गुडघा म्हणे! पाण्यानं भरलेली बादली घेऊन गच्चीवर चढते, आणि पोरीला घेतलं की गुडघा. मला वाटलं, माझ्यावर काहीतरी राग आहे, म्हणून नातीला माझ्याच गळ्यात मारते.” त्या बाहेर आल्या. कडेवर ठकू, ठकूच्या मुठीत त्यांच्या चष्म्याची काडी. “हा चष्मा आधी सोडव. आणि मला सांगायचं नाही का गं? मी तुझ्या नवऱ्याला पलंगावरून पाडला होता. दोनदा. बघ, काही झालं का?”

रेडिओनं नवऱ्याकडे नीट बघितलं. “आई, खरं सांगू?”

“नको,” नवरा म्हणाला.

*

पहिला बुधवार गेला, दुसरा गेला. कचेरीत दिवसातून पाच-सहा वेळा रेडिओचं बोट वर व्हायचं, बाईंची पेन्सिल वर व्हायची, दोघी खिडकीबाहेर बघायच्या, आणि बोट खाली आलं की बाई म्हणायच्या, “हं, कुठे होतो आपण? फिरता पंखा.” कधी कधी बाई विचारायच्या, “काय म्हणते?” “तेच.” “काही नवीन सुचत नाही वाटतं बयेला.” यंत्राची पुस्तिका दुरुस्त होऊन छापून गेली. तो लाल वर्तुळाचा नमुना मात्र बाईंनी आपल्या खणात ठेवून दिला. आपलं डोकं शाबूत असल्याचा एवढा पक्का दाखला त्यांना दुसरा मिळणार नव्हता.

तिसऱ्या बुधवारी डॉक्टरकडे ठकूलाही आणा, असं ठरलं होतं. सकाळी नवरा कामावर गेलेला. सासूबाईंनी चपला घातल्या, ठकूला घ्यायला हात पुढे केले, मग काय वाटलं कुणास ठाऊक, हात मागे घेतले आणि छत्री उचलली. “मी पुढे होते,” म्हणाल्या. ऊन नव्हतं, पाऊस नव्हता.

रेडिओनं ठकूला उचललं. जमिनीवर बसून नाही, उभ्यानं. ठकूनं तिच्या खांद्यावर लाळ पुसली आणि जिन्याच्या अंधाऱ्या वळणाकडे बोट करून काहीतरी लांबलचक, रागीट मत दिलं.

पहिली पायरी. दुसरी. डावा हात ठकूच्या पाठीवर, उजवा खाली, कोपर कठड्याला घासत. अकरावीवर तळहाताला घाम. वीस. एकविसावीवर, वळणापाशी, गच्चीच्या जिन्यावर ती पिवळी बादली ठेवली होती तसल्याच वळणापाशी, डाव्या कानाशी:

“ती तुझ्या हातून पडणार आहे.”

रेडिओ थांबली. पळावंसं वाटलं, खाली बसावंसं वाटलं. ती उभी राहिली आणि ऐकलं. घाबरलेलाच होता आवाज. दुपारी खुर्चीत दचकून जागी झालेल्या, दोन रात्री न झोपलेल्या बाईचा. त्या बाईला तेव्हा कुणी पाणीसुद्धा विचारलं नव्हतं, कारण तिनं कुणाला सांगितलंच नव्हतं.

“पडली नाही,” रेडिओ मोठ्यानं म्हणाली, वाचताना म्हणायची तशी, स्पष्ट, ठाय लयीत. “घरंगळली स्वल्प आणि तू धरलीस पूर्ण.”

ठकूनं आईच्या तोंडाकडे बघितलं. हे तिला नवीन होतं. तिनं दोन ओली बोटं आईच्या ओठांवर ठेवली, पुढचा आवाज कुठून येतोय ते बघायला.

बावीस. तेवीस. दुसरा मजला गेला. पहिल्या मजल्यावरच्या दाराबाहेर कुणाची तरी सायकल होती, तिला वळसा. पायरी जिथे असायला हवी तिथेच होती, प्रत्येक वेळी. साठ. एकसष्ट. खाली उजेडात सासूबाई उघडलेली छत्री घेऊन उभ्या होत्या आणि आपण वर बघतच नाही असं दाखवत होत्या.

त्रेसष्ट.

तिनं ठकूला घट्ट धरलं. त्या सदा ओल्या गळ्यात नाक खुपसलं आणि श्वास घेतला, आठ महिन्यांत घेतला नव्हता एवढा.

“आज नाही तर उद्या,” आवाज म्हणाला. लहान होता आता, वरच्या मजल्यावरून आल्यासारखा.

“बरं,” रेडिओ म्हणाली, “उद्या बघू.”

“कुणाशी बोलतेस गं?” सासूबाईंनी विचारलं.

“तिच्याशीच.”

“तिलाही म्हणावं चल डॉक्टरकडे,” सासूबाई म्हणाल्या आणि छत्री मिटून पुढे चालू लागल्या.